मनातले सोवळे

आमच्या घरी सोवळे पाळत नाहीत, हे सांगताना माझी मान नेहमी थोडी ताठ होत असे. धुळ्याच्या आमच्या जुन्या घरात आजी होती तोवर आम्हा मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबावे लागे. दोरीवर वाळणाऱ्या तिच्या धाबळीला चुकून हात लागला, तर दिवसभर घरात कुरकुर चाले. आजी गेली, धाबळी गेली, आणि उंबऱ्यावरून कोण आत येतो नि कोण बाहेर जातो हे पाहणारेही कोणी उरले नाही. पुढे मी एम. ए. झालो, जळगावला महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो आणि जातिभेदावर चार भाषणेही देऊन आलो. सोवळ्याशी आपला संबंध संपला अशी माझी खात्री होती. तेच सोवळे धाबळी टाकून माझ्या जिभेवर येऊन बसले आहे, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली. त्याची ही हकिकत. सांगताना मला संकोच वाटतो, म्हणूनच ती सांगायला हवी.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने जो सोवळ्याचा ध्यास घेतला, तो जन्मभर सुटला नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, मीठसुद्धा! धुतलेल्या मिठाचे काय होणार हे सांगायला नको. वर्ग हसला. मीही हसलो.

पुढचा उतारा वाचायला मी मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवले. ती नवापूर तालुक्यातली, घरी मावची बोलणारी, ख्रिस्ती कुटुंबातली. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. ती वाचू लागली. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले. मी थांबवले. ‘दाणे’चे ‘दाने’ झाले. पुन्हा थांबवले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज कापू लागला होता. तो मला ऐकू आला नाही असे मी म्हणणार नाही. ऐकू आला होता. पण वर्ग माझ्याकडे पाहत होता आणि माझ्या ओठांवर एक चमकदार वाक्य येऊन ठेपले होते. मी म्हणालो, “बाई गं, लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला होता, मराठी नव्हती बदलली!”

हशाने वर्ग दणाणला. मुलगी खाली बसली. तास संपेपर्यंत तिने वर पाहिले नाही.

रात्री जेवताना ही कोटी मी घरी ऐकवली. पत्नी हसली नाही. माझ्या पानात भाकरी वाढीत ती एवढेच म्हणाली, “अहो, मागच्या महिन्यात आसोद्याला जाऊन तुम्ही बहिणाबाईंवर तासभर बोललात. त्या काय ‘पाणी’ म्हणत असतील?”

घास घशात अडकणे म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. जळगावपासून हाकेच्या अंतरावरचे आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० ते १९५१ हा त्यांचा जीवनकाळ. शाळेत न गेलेल्या या बाईंची गाणी त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, आचार्य अत्र्यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्र थक्क झाला. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या बोलीचा गोडवा मी वर्गात डोळे मिटून वर्णन करीत असे. तीच बोली जिवंत होऊन माझ्यापुढे उभी राहिली, तेव्हा मी तिला शिवू नको म्हणालो. छापलेली बोली मला सोवळ्यात चालत होती, बोललेली चालत नव्हती.

पण वाचकहो, चूक कळणे आणि ती कबूल करणे यांत फार मोठे अंतर असते. जळगाव ते धुळे हे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे अंतर मला तोडायला तीन महिने लागले.

मुलगी वर्गात यायची बंद झाली. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला सांगितले, आजारी असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, हल्लीच्या मुलांना एवढेही बोललेले सोसत नाही. तिसऱ्या आठवड्यात शिपायाकरवी वसतिगृहात गैरहजेरीची नोटीस पाठवली. स्वतः न वाकता दुसऱ्याला बोलावून घेण्याचा तो माझा मार्ग होता. नोटीस परत आली. खोली सोडून ती धुळ्याला मावशीकडे गेली असल्याचे तिच्या मैत्रिणीने सांगितले. मैत्रिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी घरापर्यंत सोबत नेली.

त्या दिवसांत मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडले. वीस वर्षे शिकवलेले पुस्तक, पण या वेळी ते मला शिकवू लागले.

नारायण वामन टिळक, जन्म १८६१. बुद्धी तल्लख, वाणी ओघवती, स्वभाव लहरी आणि संतापी. एका जागी पाय ठरत नसे. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या होत्या. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर वीज कोसळली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या.

आपण या कथेकडे धर्मांतराची कथा म्हणून पाहतो. मला ती दोन अहंकारांची कथा दिसू लागली. टिळकांचा अहंकार विद्वानाचा होता. मला पटले म्हणजे जगाला पटलेच पाहिजे, अशी त्याची धाव. लक्ष्मीबाईंचा अहंकार वडिलांकडून आलेला, पाण्याच्या भांड्यात साठलेला. अहमदनगरला नवऱ्याजवळ परतल्यावरही त्यांचे खाणेपिणे वेगळे होते. आणि येथे टिळकांमधला पालट दिसतो. पूर्वी शब्दाला शब्द लागताच भडकणाऱ्या या माणसाने बायकोच्या सोवळ्याची सोय ठेवली आणि बाप्तिस्म्याची घाई मुळीच केली नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या डॉ. ह्यूम यांच्यासारख्या माणसांचा आधार त्या घराला होता.

पुढे महाबळेश्वरच्या मुक्कामात लक्ष्मीबाई एकदा स्वतःशीच वाद घालीत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा अंगावरूनच ओळखू येतात, तशी माणसाच्या अंगावर काही खूण नको होती का? विचार संपला तेव्हा सोवळेही संपले. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे, असे त्यांनी ठरवले. लक्षात घ्या, तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी गर्व गळाला. बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर झाला. त्याच काळातल्या दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढू लागली. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने कोणाकोणाची पोरे न्हाऊमाखू घातली, याचा हिशेब तिने ठेवला नाही.

आणि आमच्या जळगावलाही या घराचा पदर लागलेला आहे. १९०७ साली येथे महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. अध्यक्ष होते डॉ. का. र. कीर्तिकर. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊनच तो बाहेर पडला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली, त्याचे रुसवे काढले. बालकवी हिंदूच राहिले. घराची माया त्यांना धर्म विचारून मिळाली नव्हती. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. भादलीवरून गाडी जाते तेव्हा मी विद्यार्थ्यांना ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ या कवितांची आठवण करून देत आलो आहे. खानदेशातल्या त्या हळव्या पोराला हातांवर झेलणाऱ्या बाईचे पुस्तक हातात धरूनच मी खानदेशातल्या एका हळव्या पोरीला खाली बसवले, ही गोष्ट मात्र मला आता झोपू देईना.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मी धुळ्याची एस. टी. धरली. पाळधी, एरंडोल, पारोळा मागे पडत गेले. कपाशी फुटली होती. गाडीत मी मनातल्या मनात माफीचे भाषण जुळवीत होतो. तीन मसुदे झाले. तिन्हींमध्ये एकेक तरी कोटी होती. पारोळ्याच्या थांब्यावर मला माझीच किळस आली.

धुळ्याला रिक्षावाल्याने विचारले, “सर, कोठे जानं शे?” मैत्रिणीने दिलेला पत्ता एका लहानशा ख्रिस्तमंदिराशेजारचा होता. मावशीच्या घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, सगळे उपासनेला गेले आहेत, दुपारी येतील. बाहेर ऊन होते. दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पाहिले आणि कोण, कुठले काहीच न विचारता, “या, आत बसा,” म्हणून सतरंजीवर जागा करून दिली.

आत पन्नास-साठ माणसे असतील. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. नवापूर, साक्रीकडून नोकरी-मजुरीसाठी आलेले बरेच. पेटी आणि ढोलकीवर भजन चालले होते आणि ते टिळकांचे होते! मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची कितीतरी पदे आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक म्हणत. त्याचा अर्थ मी परीक्षेत विचारीत असे. तो चालीत कसा ऐकू येतो हे त्या दिवशी कळले. गाणाऱ्यांपैकी निम्म्यांचे ‘ण’ आणि ‘न’ माझ्या लाल पेन्सिलीला पुरून उरले असते. पण टिळकांना कोणी अडवीत नव्हते, आणि टिळकही कोणाला अडवीत नव्हते.

उपदेशाचा विषय होता परूशी आणि जकातदार यांचा दाखला. लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट साधी आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी शास्त्र जाणणारा, उपवास करणारा. तो देवाचे आभार मानतो की आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर नाहीच. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहत नाही, छाती बडवून दया मागतो. घरी जाताना देवापुढे नीट ठरतो तो जकातदार. धर्मगुरू काही मोठे वक्ते नव्हते. पण ते म्हणाले, “दारूचे पाप घरच्यांना दिसते. गर्वाचे पाप दिसत नाही, कारण ते धुतलेले कपडे घालून येते.” मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

मग जे झाले ते मला अगदी नवे होते. ‘साक्ष’ द्यायला कोणी आहे का, असे विचारताच एक चाळिशीचा माणूस उठला. गवंडीकाम करणारा. दारूच्या पायी आपण बायकोला मारीत होतो, मंडळीतले दोघे जण वर्षभर रोज संध्याकाळी कामावरून आपल्याला घरी पोचवायला येत होते, सुटून आठ महिने झाले आणि गेल्या मंगळवारी पुन्हा एकदा पाय घसरला, हे त्याने सगळ्यांदेखत सांगितले. त्याची बायको तेथेच बसली होती. मी अंग चोरून घेतले. आता हशा होईल, निदान कुजबुज होईल. काहीच झाले नाही. एकाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सर्वांनी मिळून त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, “उद्यापासून परत येतो मी, सहा वाजता.”

माझ्या वर्गात चूक करणाऱ्याचे काय होत असे, ते मला आठवले.

उपासना संपल्यावर मुलीने मला पाहिले. ती घाबरली, मग पुढे येऊन “नमस्कार सर” म्हणाली. ओट्यावर तिची मावशी, ते म्हातारे गृहस्थ, आणखी दोघेचौघे होते. एकीकडे बोलावून बोलणे सोपे होते. पण मी तिचा अपमान चार माणसांत केला होता. माझे तिन्ही मसुदे विसरलो हे देवाचे उपकारच. मी म्हणालो, “त्या दिवशी मी वाईट बोललो. हसू मिळवण्यासाठी बोललो. तुझ्या भाषेला बोललो आणि तुझ्या धर्मालाही बोललो. माझी चूक झाली.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, मला राग नव्हता आला. मला वाटलं, तुम्ही म्हणता ते खरं असेल. आम्हाला मराठी येत नसेल.”

रागावली असती तर बरे झाले असते. मी वीस वर्षे शिकवून एका मुलीला एवढेच पटवून दिले होते, की ही भाषा तुझी नाही.

मावशीने जेवल्याशिवाय सोडले नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत. म्हाताऱ्या गृहस्थांना मी म्हणालो, तुमच्या मंडळीत फार मोठेपणा पाहिला. ते हसले. “तसं काही नाही, सर. आमच्यातही जात आहे, मान आहे, पुढच्या सतरंजीवरून भांडणं आहेत. आम्ही बरे आहोत म्हणून इथं येत नाही. दवाखान्यात काय, बरी माणसं येतात का?” आणि मग थोडे थांबून म्हणाले, “एकट्यानं गर्व सोडता येत नाही. सोडला तरी सोडल्याचा गर्व होतो. समोर कोणीतरी लागतं.”

मला टिळकांची अखेरची वर्षे आठवली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा पाश तोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना तेथे सारखीच जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि त्यांच्या हातचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळा न पाहिलेल्या, घरीच अक्षरे गिरवलेल्या बाईंनी एका पंडित कवीचे महाकाव्य पुढे चालवले! १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ निघू लागली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी डोळे मिटले. त्या पुस्तकात त्या नवऱ्याला हसतात, त्याहून जास्त स्वतःला हसतात. दुसऱ्याला हसून मोठे होण्याची त्यांना गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वर्गात पुस्तक न उघडता मी उभा राहिलो. ओट्यावर बोलण्यापेक्षा हे कठीण होते, कारण येथे माझे सिंहासन होते. जुलैमध्ये मी काय बोललो, का बोललो आणि काल कोठे जाऊन आलो, ते सांगितले. हात थरथरत होते, ते टेबलावर टेकवले. कोणी हसले नाही. तास संपल्यावर एक मुलगा जवळ आला. रावेरकडचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. “सर, मी वाचू का उद्या?” म्हणाला. “माझं बी ‘ळ’ नीट येत नाही.”

मी त्याला वाच म्हणालो. तो वाचतो तेव्हा मी आता मध्ये थांबवीत नाही. शुद्धलेखन मी आजही शिकवतो आणि कडकपणे तपासतो. ते माझे कामच आहे. पण ते वहीत, लेखणीने, आणि एकट्याला.

मुलगी जळगावला परतली नाही. तिचे ते वर्ष वाया गेले. पुढच्या जूनमध्ये तिने धुळ्यातच प्रवेश घेतला. क्षमा मला मिळाली, पण तिचे वर्ष मला परत देता आले नाही, आणि हा हिशेब मी पुसून टाकू इच्छीत नाही. मी ख्रिस्ती झालो नाही. आमच्या देवघरात समई लागते, दिवाळीला पणत्या लागतात. फक्त अभिमानाने मान ताठ होऊ लागली, की मला ती सतरंजी, तो गवंडी आणि “उद्यापासून परत येतो मी” म्हणणारा तो माणूस आठवतो.

यंदाच्या उन्हाळ्यात ती बी. ए. झाली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. मावशीच्या घरी पेढे वाटून झाले होते. बोलता बोलता ती म्हणाली, “सर, आमच्या आजीची मावची गाणी मी वहीत उतरवतेय. मराठीत अर्थ लिहिलाय. तपासून द्याल?”

मी म्हणालो, “मराठी तपासतो. मावची मात्र मला तू शिकवायची.”

वही दसऱ्याला आली. पहिल्याच पानावर एक शब्द मला वाचता येईना. मी तिला फोन लावला. तिने तो तीनदा म्हणून दाखवला. माझ्या तोंडी तो तिन्ही वेळा चुकला. तिकडून हसू आले, पण “पुन्हा म्हणा सर” असे म्हणत ती माझ्यासाठी थांबून राहिली.